तारेच्या कारखान्याचं मूळ कसं शोधावं: ट्रेन्टनच्या रोब्लिंगांच्या निमित्ताने

कंपनीने स्वतः छापलेला इतिहास सगळ्यात शेवटी वाचा. शंभर वर्षं झाली की प्रत्येक कारखाना एक गुळगुळीत पुस्तक काढतो. त्यात संस्थापकाचा फोटो असतो, आणि त्याने शून्यातून सगळं कसं उभं केलं ते असतं. ते पुस्तक गिऱ्हाइकासाठी असतं. आपल्याला हवा तो कागद भलत्याच कामासाठी लिहिलेला असतो: शिरगणतीवाल्याने, आगीच्या विमेवाल्याने, उधारी देण्याआधी चौकशी करणाऱ्याने, नाहीतर मृत्युपत्र मंजूर करणाऱ्या कारकुनाने. या माणसांना कंपनीचं कौतुक करायचं काही कारण नव्हतं.

माझं आयुष्य मुंबईत, दारूखाना भागात, वायर रोपच्या म्हणजे तारेच्या दोराच्या धंद्यात गेलं. आता मुलीकडे न्यू जर्सीत, हॅमिल्टनला असतो, आणि ट्रेन्टन शेजारीच आहे. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आपले आईबाबा इथे दुपारी काय करावं या विवंचनेत असतात, त्यांच्यासाठी जुन्या कारखान्याचं मूळ शोधण्याचा हा उद्योग उत्तम आहे. बराचसा घरबसल्या होतो आणि जवळजवळ फुकट. मी उदाहरण घेतो ते तारेचे दोर बनवणाऱ्या 'जॉन ए. रोब्लिंग्ज सन्स कंपनी'चं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजमुळे नाव ऐकलेलं असतं, पण घराण्याचा गुंता फार थोड्यांना ठाऊक असतो.

पहिलं काम: कंपनी संपली कधी आणि कुणाच्या हातात, ते नक्की करा. वंशावळ आपण मुळापासून पुढे काढतो, पण शोधताना शेंड्यावरून मुळाकडे यायचं. रोब्लिंगांची कंपनी 1952 च्या अखेरीस 'कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न'ने घेतली आणि गिरणी 1974 मध्ये बंद पडली. हे आधी का कळायला हवं? कारण कागद विकत घेणाऱ्याच्या मागे जातात. त्या कंपनीचं दफ्तर आज कोलोरॅडोतल्या प्वेब्लो गावी पोलाद संग्रहालयात आहे, ट्रेन्टनपासून अर्धा देश पलीकडे. ट्रेन्टनमध्ये न मिळालेला कागद नाहीसा झाला असं समजण्याआधी तिकडे एक ईमेल टाकावा.

हातात एखादी वस्तू असेल तर ती कागदाइतकीच बोलते. इथल्या गॅरेज सेलमध्ये दोराचे जुने तुकडे, पितळी बिल्ले, कॅटलॉग अजून मिळतात. बिल्ल्यावर 'सन्स कंपनी' असेल तर माल 1876 नंतरचा, कारण कंपनी त्या वर्षी नोंदली गेली. कोलोरॅडोवाल्यांचं नाव असेल तर 1953 नंतरचा. आणि दोर उलगडून बघा. अमेरिकेतले दोरवाले आपला माल ओळखू यावा म्हणून रंगाची खूण ठेवत. सेंट लुईसच्या लेशेन कंपनीची एक लड (तारा वळून केलेला दोराचा पेड) लाल, ब्रॉडरिक अँड बॅस्कमची पिवळी, रोब्लिंगांचा छाप 'ब्लू सेंटर'. वंगण धुऊन काढायला रॉकेल लागतं आणि हात काळे होतात, पण कॅटलॉगमधलं चित्र आणि हातातली लड जुळली की तुम्ही योग्य घराण्याच्या मागे आहात हे पक्कं होतं. तार आणि दोर बनवणारी घराणी तेव्हा डझनावारी होती, आणि 'अँड सन्स' तर सगळेच लावत.

1899 मध्ये 'अमेरिकन स्टील अँड वायर' नावाचा मोठा गट झाला. त्याने तारेचे कितीतरी कारखाने गिळले, आणि 1901 मध्ये तो स्वतः 'यू. एस. स्टील'च्या पोटात गेला. तुमचा कारखाना त्यातला असेल तर घराण्याचा माग त्या वर्षी तुटतो, त्यापुढे नुसते संचालक दिसतात. रोब्लिंग बाहेर राहिले. म्हणून त्यांच्यात बाप, मुलं, नातू हा धागा 1952 पर्यंत सलग मिळतो. शिकायला हे घराणं म्हणूनच सोपं.

सोपं म्हणालो, पण नावं! इथे भलेभले फसतात. एकच नाव आजोबाला, नातवाला, पुतण्याला. मी एका वहीत प्रत्येकाला क्रमांक दिला आणि जन्म-मृत्यूची सालं त्याच्या नावापुढे कायमची चिकटवली. जॉन-1 म्हणजे संस्थापक, 1806 ते 1869. त्याची मुलं ब्रुकलिन ब्रिजवाला वॉशिंग्टन-1 (1837 ते 1926), फर्डिनंड (1842 ते 1917), चार्ल्स (1849 ते 1918) आणि एडमंड (1854 ते 1930). कंपनीच्या नावातले 'सन्स' ते पहिले तिघे. धाकटा एडमंड धंद्यापासून बाजूलाच राहिला. वॉशिंग्टन-2 हा चार्ल्सचा मुलगा. तो 1912 मध्ये टायटॅनिकवर बुडाला. जुन्या वर्तमानपत्रात 'वॉशिंग्टन रोब्लिंग टायटॅनिकवर' असं वाचून ब्रुकलिन ब्रिजवाला बुडाला अशी समजूत करून घेणारे आजही भेटतात. पूलवाला काका त्यानंतर चौदा वर्षं जगला. इतकंच नाही, 1921 मध्ये पुतण्या कार्ल वारल्यावर चौऱ्याऐंशीव्या वर्षी तो पुन्हा कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याला आणि बापाला लोक एकच समजत. मी 1869 मध्येच मेलो असं कित्येकांना वाटतं, अशी तक्रार त्याने स्वतः लिहून ठेवली आहे.

सगळ्यात बेरकी सापळा जॉन-2 चा. वॉशिंग्टनचा हा एकुलता मुलगा 1867 मध्ये जन्मला तो जर्मनीत, म्यूलहाउझेनला, म्हणजे आजोबा जिथे जन्मले त्याच गावात. आईबाप तेव्हा पुलाच्या पायासंबंधी माहिती गोळा करायला युरोपात गेले होते. आता विचार करा: नाव जॉन ए. रोब्लिंग, जन्मगाव म्यूलहाउझेन. साल न बघता नोंद उचलली तर आजोबा आणि नातू एकाच माणसात मिसळतात. यावर उपाय शिरगणतीतच आहे. 1880 पासून तिथे आईबापांच्या जन्मस्थळाचे रकाने आहेत. नातवाच्या ओळीत बाप पेनसिल्व्हेनियाचा आणि आई न्यूयॉर्कची निघायला हवी. आजोबा तोवर वारलेलेच होते. तेव्हा जन्मस्थळ एकटं कधी वाचू नका, शेजारचे दोन रकाने धरूनच वाचा.

शिरगणतीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण निम्मं काम तीच करते. अमेरिकेची शिरगणती दर दहा वर्षांनी होते आणि नावानिशी नोंदी बहात्तर वर्षांनी खुल्या होतात, म्हणून 1950 ची 2022 मध्ये उघडली. 1850 च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव मिळतं, बाकीचे नुसते आकडे. 1850 पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं, 1880 पासून प्रमुखाशी नातं येतं, 1900 मध्ये परदेशातून कोणत्या वर्षी आला तेही. 1890 चे कागद 1921 च्या आगीनंतर जवळजवळ सगळे गेले. कारखान्यांच्या भरभराटीचा नेमका तोच काळ, त्यामुळे वीस वर्षांचं भगदाड पडतं. न्यू जर्सीवाल्यांचं नशीब चांगलं: या राज्याची स्वतःची शिरगणती 1885, 1895, 1905, 1915 अशी मधल्या पाचव्या वर्षांची आहे. ट्रेन्टनच्या राज्य अभिलेखागारात ती मिळते आणि 'फॅमिलीसर्च' या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट दिसते.

शोधताना नावाचे सगळे उच्चार टाका. मूळ आडनाव रोब्लिंग नव्हे, जर्मन वळणाचं 'र्‍यॉब्लिंग'. गणनेवाला दारात उभा राहून कानाला आलं ते लिहून मोकळा होई, त्यामुळे यादीत रोबलिन, रेबलिंग काहीही निघू शकतं. नावाने सापडलं नाही तर पत्त्याने शोधा. शहराच्या डिरेक्टरीत, म्हणजे घरपत्ते आणि धंदे छापलेल्या त्या वर्षाच्या पुस्तकात, गल्ली बघायची आणि मग शिरगणतीत त्या गल्लीची पानं एकेक उलटायची. वेळ जातो. पण शेजारी कोण होतं, घरात नोकर किती, मेव्हणा राहायला होता का, हे सगळं वाटेत कळतं, आणि मेव्हणे फार कामाचे असतात.

त्याच शिरगणतीची एक सावत्र बहीण आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही: कारखान्यांची अनुसूची. 1850 ते 1880 या चार शिरगणत्यांत वर्षाला पाचशे डॉलरच्या वर माल काढणाऱ्या प्रत्येक कारखान्याची वेगळी नोंद झाली. मालकाचं नाव, भांडवल, कच्चा माल किती टन, यंत्र वाफेवर की पाण्यावर, माणसं किती, पगार किती. माझ्यासारख्या धंदेवाल्याला ही एक ओळ चरित्राच्या पन्नास पानांपेक्षा जास्त सांगते. माणसं आणि टन दोन्ही समोर असले की दुकान खरोखर चालत होतं की नुसती पाटी होती, लगेच उमगतं.

पतचौकशीच्या वह्या हा दुसरा खजिना. आर. जी. डन नावाच्या पेढीचे वार्ताहर गावोगावच्या व्यापाऱ्यांची माहिती काढून कळवत: भांडवल सासऱ्याचं आहे, माणूस कष्टाळू आहे, भाऊ दारू पितो. त्या वह्या 1840 च्या दशकापासून सुरू होतात आणि हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहेत, राज्य आणि काउंटीप्रमाणे (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) लावलेल्या. पैसा कुणाच्या घरातून आला ते इथे उघडं पडतं.

आता मुली. आपल्याकडच्या जुन्या वंशावळींत मुलींच्या जागी रिकामी जागा असते, आणि अमेरिकन कंपनीच्या पुस्तकांतही फारसं वेगळं नसतं. पण भागभांडवल मुलींकडेही गेलं. कंपनी विकली गेली तेव्हा तिचा अध्यक्ष होता चार्ल्स रोब्लिंग टायसन. आडनाव टायसन, आणि रोब्लिंग फक्त मधल्या नावात! चार्ल्सची मुलगी हेलन ही फिलाडेल्फियाचे चित्रकार कॅरल टायसन यांना दिलेली. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात व्हॅन गॉगची सूर्यफुलं टांगली आहेत, त्यांच्या पट्टीवर दात्याचं नाव वाचा: श्री. व सौ. कॅरल एस. टायसन संग्रह, 1963. लोक फुलांचा फोटो काढतात. मी पट्टीचा काढला. घराण्याचा पैसा आणि नाती शोधायला दानाच्या पाट्या, इस्पितळाच्या भिंती, विद्यापीठांच्या इमारती फार उपयोगी. सुनाही सोडू नका. वॉशिंग्टनचा नातू सीगफ्रीड 1936 मध्ये वारला, आणि त्याची विधवा मेरी रोब्लिंग पुढच्याच वर्षी ट्रेन्टन ट्रस्ट कंपनी या बँकेची अध्यक्ष झाली. कारखान्याच्या इतिहासात नावापुरती येणारी ही बाई बँकिंगच्या इतिहासात ठळक आहे.

मृत्युपत्रं यासाठीच. न्यू जर्सीत प्रत्येक काउंटीला 'सरोगेट' असतो, म्हणजे वारसा आणि मृत्युपत्र बघणारा अधिकारी. ट्रेन्टन मर्सर काउंटीत. जुनी मृत्युपत्रं राज्य अभिलेखागारात गेली आहेत. मृत्युपत्रात मुलींची सासरची नावं येतात, आणि ती मिळाली की अर्ध्या बंद वाटा खुल्या होतात. कबरीही बघा, पण घराणं एकाच दफनभूमीत असेल असं धरून चालू नका. जॉन-1 ट्रेन्टनच्या रिव्हरव्ह्यूमध्ये आहे, आणि वॉशिंग्टन न्यूयॉर्क राज्यातल्या कोल्ड स्प्रिंगला, कारण ते त्याच्या बायकोचं, एमिली वॉरेनचं, माहेर.

इथे एक कानपिचकी. ब्रुकलिन ब्रिजच्या मुख्य दोरांची तार रोब्लिंगांनी दिली असं जवळजवळ सगळे मानतात. प्रत्यक्षात वॉशिंग्टन मुख्य अभियंता म्हणून त्याच्या घरच्या कंपनीने कंत्राट घेऊ नये, अशी अडचण पुलाचा विश्वस्त एब्रम ह्यूइटने उभी केली आणि काम ब्रुकलिनच्या जे. लॉइड हेग या तारवाल्याला गेलं. हेगने तपासणीत नापास झालेली तार चलाखीने पुलावर पोचवली आणि 1878 मध्ये ते उघडकीला आलं. तोवर ती तार दोरात विणून झाली होती, काढता येईना. म्हणून प्रत्येक दोरात दीडशे जादा तारा घातल्या. आणि हा ह्यूइट कोण? ट्रेन्टन आयर्न कंपनीचा भागीदार, म्हणजे रोब्लिंगांच्याच गावातला दुसरा लोखंडवाला. एका कारखान्याची वंशावळ काढताना शेजारच्या कारखान्याचीही कच्ची वही ठेवावी, ती यासाठी.

मग समुद्रापलीकडे. जॉन-1 आणि त्याचा भाऊ कार्ल 1831 मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेनहून निघाले आणि ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाला उतरले. ब्रेमेनच्या जुन्या प्रवासी याद्या बहुतेक नष्ट झाल्यात, त्यामुळे जिथून निघाले तिथे न शोधता जिथे उतरले तिथे शोधायचं. फिलाडेल्फियाच्या याद्या शाबूत आहेत. भावांनी पिट्सबर्गजवळ बटलर काउंटीत दीड हजार एकरांहून जास्त जमीन घेतली आणि सॅक्सनबर्ग हे गाव वसवलं. जमिनीचे व्यवहार बटलरच्या कोर्टात. 1906 पूर्वी नागरिकत्व कुठल्याही कोर्टातून मिळे, म्हणून 1837 मधल्या जॉनच्या नागरिकत्वाचे कागदही आधी तिथेच बघायचे. वॉशिंग्टनचा जन्म सॅक्सनबर्गचा. 1841 मध्ये पहिला तारेचा दोर वळला तोही इथेच, कुरणात, शेजारच्या शेतकऱ्यांना मदतीला घेऊन. ट्रेन्टनला बिऱ्हाड आणि कारखाना हलला 1848-49 मध्ये. दोराचं पेटंट 1842 चं आहे. पेटंटात माणसाचं राहण्याचं गाव लिहिलेलं असतं, म्हणून मुक्काम ठरवायला पेटंटं झकास. फक्त एक लक्षात ठेवा: जुलै 1836 पूर्वीची पेटंटं त्याच वर्षीच्या आगीत जळाली.

घरचे कागद मुख्यतः दोन ठिकाणी आहेत: न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठात आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयला रेन्सेलर तंत्रसंस्थेत, जिथे वॉशिंग्टन शिकला. आधी संग्रहाची सूची वाचा, खोक्याचा क्रमांक लिहून घ्या आणि मग वेळ मागा. 'रोब्लिंगांबद्दल काय आहे?' असं विचारलं तर कुणालाही धड उत्तर देता येणार नाही. 'अमुक खोकं, अमुक सालची पत्रं' म्हटलं की इथली माणसं मनापासून मदत करतात. रोब्लिंग नावाचं गाव मात्र स्वतः जाऊन बघा. ट्रेन्टनहून रिव्हर लाइनची गाडी थेट जाते. पोलाद घरचंच हवं म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्सने तिथे गिरणी आणि कामगारांची वसाहत उभी केली. गिरणीच्या मुख्य दरवाजाच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. हंगेरी, रुमानिया, स्लोव्हाकियाहून आलेल्या कामगारांची नातवंडं अजून आसपास आहेत, आणि मालकांच्या घरातली भांडणं कामगारांच्या घरात जास्त चांगली लक्षात राहतात.

म्यूलहाउझेनचं काम सगळ्यात चिवट. तिथली चर्चची नोंदवही आपल्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीसारखी वाटते, पण वहीत घराणं एका जागी असतं आणि चर्चमध्ये सगळं तारखेवार. त्यामुळे अंदाजे साल हातात नसेल तर तिकडे वळूच नका. जॉनचा जन्म 12 जून 1806 चा. गाव तेव्हा प्रशियात, पुढच्या वर्षी नेपोलियनच्या भावाच्या वेस्टफालिया राज्यात, 1813 नंतर परत प्रशियाकडे, आज थुरिंगिया राज्यात. म्हणजे एकाच मुलाचे सरकारी कागद तीन राजवटींच्या दप्तरांत. अक्षर जुनं जर्मन, 'कुरेंट' वळणाचं. आपल्याकडे मोडी वाचायला शिकलेल्यांना ते जमेल, बाकीच्यांनी ठराविक साच्याची नोंद ओळखायला शिकावं: मुलाचं नाव, बापाचं नाव आणि धंदा, आई माहेरच्या नावासकट, मग साक्षीदार. शहराच्या अभिलेखागाराला जर्मनमध्ये चार ओळींचं पत्र लिहा, एका पत्रात एकच माणूस विचारा, आणि शोधणावळ द्यायची तयारी आहे हे आधीच सांगा.

तिथे बाप सापडतो तो क्रिस्टोफ पॉलिकार्पस, तंबाखूचा दुकानदार. लोखंडाशी संबंध नाही, तारेशी नाही. म्हणजे रक्ताचा धागा तंबाखूच्या दुकानात जातो आणि दोराचा धागा भलतीकडे. दोराचा धागा धरला तर म्यूलहाउझेनच्या उत्तरेला हार्ट्झच्या डोंगरात, क्लाउस्टालला पोचतो. खाण अधिकारी विल्हेल्म आल्बर्टने 1834 मध्ये तिथे खाणीसाठी तारेचा दोर वळला. साडेतीन मिलिमीटरच्या चार तारांची एक लड, अशा तीन लडी, मधे गाभा नाही, आणि तारांचा पीळ व लडींचा पीळ एकाच दिशेने. आपण बाजारात ज्याला 'लँग्ज ले' म्हणतो, त्याला जर्मन लोक आजही आल्बर्टच्या नावाने ओळखतात. पेनसिल्व्हेनियात कालव्याच्या बोटी डोंगरावरून ओढणारे अंबाडीचे दोर सारखे झिजायचे, आणि जर्मन नियतकालिकात वाचलेला तो दोर जॉनला आठवला, असं सांगतात. हा धागा पुढे न्यायचा तर पत्र वेगळं लिहावं लागेल, क्लाउस्टालच्या खाण अभिलेखागाराला, आणि त्यात रोब्लिंगांचं नाव काढायची गरज नाही. आल्बर्ट, 1834, कॅरोलिन खाण, एवढं पुरतं.